जाहिरातीत क्यूआर कोड छापण्यापूर्वी: कोकणातील व्यावसायिकांसाठी मार्गदर्शन

मार्च उजाडला की रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातील छपाईच्या दुकानांत आंबापेट्यांची लेबले, घरगुती निवास-न्याहारीची माहितीपत्रके आणि जलक्रीडांचे फलक यांची एकच गर्दी होते. माझा व्यवसायही हाच आहे आणि गेल्या काही वर्षांत जवळजवळ प्रत्येक कामासोबत एक सूचना येते: "कोपऱ्यात एक क्यूआर कोडही टाका." तो स्कॅन केल्यावर काय उघडायला हवे, असे विचारले तर बहुतेकांकडे उत्तर तयार नसते. शेजारच्या बागायतदाराच्या पेटीवर कोड आहे, म्हणून आपल्याही पेटीवर हवा, एवढाच विचार त्यामागे असतो. छपाईवर कष्टाचे पैसे खर्च होतात आणि जाहिरातीतील प्रत्येक चौरस इंच मोलाचा असतो, म्हणून हा विचार आधी नीट व्हावा असे मला मनापासून वाटते.

लोकांना अशा कोडचा खरोखर उपयोग होतो का? माझ्या अनुभवाप्रमाणे होतो, पण जाहिरात पाहणारा माणूस एका जागी थांबलेला असेल आणि कागदावर मावणार नाही असे काही त्याला कोडमागे मिळणार असेल तेव्हाच. यातील एक गोष्ट जरी कमी पडली, तरी त्या जागी मोठ्या, ठळक अंकांत छापलेला मोबाइल क्रमांक अधिक काम करतो.

हे असे का होते, ते कोडच्या जन्मकथेतून समजते. जपानमधील डेन्सो वेव्ह कंपनीत मासाहिरो हारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ साली हा कोड तयार केला, तो मोटारींच्या सुट्या भागांची नोंद ठेवण्यासाठी. कारखान्यातील कामगाराला कोड वाचावाच लागत होता; तेच त्याचे काम होते. कंपनीने पेटंटचा हक्क बजावला नाही, २००० साली कोडला आंतरराष्ट्रीय मानकाचा दर्जा मिळाला आणि तो जगभर पसरला. जाहिरातीच्या वाचकावर मात्र तशी कोणतीही सक्ती नाही. त्याने खिशातून फोन काढावा, कॅमेरा उघडावा, तो स्थिर धरावा आणि पान उघडेपर्यंत वाट पाहावी, एवढे श्रम आपण त्याच्याकडे मागत असतो. त्या श्रमांचा मोबदला काय, हे त्याला कोडकडे पाहताक्षणी कळले पाहिजे.

आपल्याकडे आणखी एक अडचण आहे. २०१६ साली यूपीआय आणि २०१७ साली भारत क्यूआर आल्यानंतर, आणि विशेषतः कोरोनाच्या काळानंतर, कोड स्कॅन करणे ही सवय आपल्याकडे पैसे देण्याच्या निमित्ताने रुजली. मालवणच्या मासळीबाजारात कोळणीच्या टोपलीशेजारीही कोडची पाटी दिसते. त्यामुळे असंख्य लोकांसाठी स्कॅन करणे म्हणजे पैसे देणे. जाहिरातीतील कोड पाहून ते पैसे भरण्याचे ॲप उघडतात, ॲपमध्ये भलताच संदेश येतो, आणि काहीतरी फसवणूक आहे असे समजून ते फोन खिशात ठेवतात. आमच्या गिऱ्हाइकांच्या गिऱ्हाइकांना विचारले तेव्हा हे कारण मी पुन्हा पुन्हा ऐकले. यावरचा उपाय स्वस्त आहे. कोडखाली स्पष्ट मराठीत लिहावे: "फोनच्या कॅमेऱ्याने स्कॅन करा. खोल्यांची छायाचित्रे आणि आजचे दर दिसतील. येथे पैसे भरावे लागत नाहीत."

कोडमागे काय ठेवावे

मी प्रत्येकाला एकच परीक्षा घ्यायला सांगतो. कोडखाली छापायचे वाक्य आधी लिहून काढा. "स्कॅन करा आणि अमुक मिळवा" या वाक्यातील "अमुक" जर ठोस लिहिता येत नसेल, तर कोड छापू नका. "अधिक माहितीसाठी स्कॅन करा" हे वाक्य या परीक्षेत नापास होते, कारण अधिक माहिती कोणती आणि ती कशाला हवी, हे वाचणाऱ्याला कळत नाही. कोडमागे तीच जाहिरात पुन्हा चित्ररूपात दिसत असेल, किंवा वर्षभर काही न टाकलेले समाजमाध्यमावरचे पान उघडत असेल, तर एकदा निराश झालेला माणूस दुसऱ्या वेळी स्कॅन करत नाही. आणि त्याचा तोटा पुढे सर्वांनाच होतो.

परीक्षेत उत्तम उतरणारे उदाहरण सरकारी नियमातून आलेले आहे. महारेराने, म्हणजे राज्याच्या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाने, १ ऑगस्ट २०२३ पासून नोंदणीकृत बांधकाम प्रकल्पांच्या जाहिरातींत क्यूआर कोड छापणे विकासकांना बंधनकारक केले आणि तो न छापल्यास ५० हजार रुपयांपर्यंत दंडाची तरतूद केली. अलिबाग, दापोली, गुहागर या भागांत समुद्र दिसणाऱ्या प्लॉटच्या आणि बंगल्यांच्या जाहिराती भरपूर येतात, आणि घेणारा बहुधा मुंबई-पुण्यात बसलेला असतो. त्याला प्रकल्पाची नोंदणी कधी झाली, तो पूर्ण कधी होणार, मंजुऱ्या कोणत्या आहेत आणि तक्रारी आहेत का, हे जाहिरात देणाऱ्याच्या तोंडून ऐकायचे नसते. ते त्याला त्रयस्थाच्या नोंदीत पाहायचे असते. हा कोड उपयुक्त ठरतो तो याच कारणाने. तो वस्तूची स्तुती करत नाही, तर तिची पडताळणी करू देतो. माझ्या मते जाहिरातीतील कोडचा हा सर्वांत भक्कम उपयोग आहे, आणि लहान व्यावसायिकांनीही तोच मार्ग धरावा.

हापूसचेच पाहा. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांतील हापूसला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले, तरी शहरांतील बाजारांत परप्रांतातील आंबा हापूस म्हणून विकला जातोच. पेटी हातात घेतलेल्या ग्राहकाच्या मनात त्यामुळे एकच शंका असते: हा आंबा खरोखर कोकणातला आहे का? पेटीवरील कोडमागे बाग कोणत्या गावात आहे, काढणी कोणत्या तारखेला झाली, बागायतदाराचा मानांकनाचा नोंदणी क्रमांक काय, आणि आंबा पिकायला अजून साधारण किती दिवस लागतील, एवढे असले तर त्या शंकेचे उत्तर मिळते. आढीत आंबे कसे ठेवावेत हे सांगणारे दोन परिच्छेदही तेथे शोभतात, कारण तो प्रश्न पेटी घरी नेल्यावरच पडतो.

निवास-न्याहारीवाल्यांसाठी कोडची खरी किंमत रस्ता दाखवण्यात आहे. आपल्याकडचे पत्ते शहरातल्यासारखे नसतात. अमुक वाडी, देवळाच्या पाठीमागे, पाणंदीने खाली, असा पत्ता रात्री नऊ वाजता पोहोचणाऱ्या पुण्याच्या कुटुंबाला उमगत नाही. नकाशातील अचूक ठिकाण उघडणारा कोड माहितीपत्रकावर असला, तर तो पाहुणा निघण्यापूर्वीच ते ठिकाण फोनमध्ये जतन करून ठेवू शकतो. पाहुणा पोहोचल्यावर वायफायचा संकेतशब्द देणारा कोड भिंतीवर लावावा. तो जाहिरातीचा भाग नसला तरी लोक तो आनंदाने वापरतात, आणि त्याच्या शेजारचा दुसरा कोडही मग वाचला जातो.

कुठे लावावा आणि कुठे लावू नये

सर्वांत जास्त पैसा वाया जातो तो महामार्गावरील फलकांवर. कोड किती अंतरावरून वाचता येतो, याचा व्यवहारातील ठोकताळा सोपा आहे: कोडच्या रुंदीच्या साधारण दहापट. म्हणजे ९० सेंटिमीटर रुंदीचा, आपल्याला प्रचंड वाटणारा कोड सुमारे ९ मीटरपर्यंत वाचता येईल. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात १६ मीटरहून अधिक अंतर कापते. गणपतीला गावी येणाऱ्या चाकरमान्यांसाठी मुंबई-गोवा महामार्गालगत लावलेल्या फलकावरील कोड वाचायला अर्धा सेकंदच मिळतो, आणि वाहन चालवताना फोन हातात घेणे हा दंडनीय गुन्हा आहे. अशा फलकावर गावाचे नाव, वळणाची खूण आणि एक मोठा क्रमांक एवढेच असावे. धावत्या रिक्षेच्या किंवा एसटीच्या मागच्या बाजूलाही हेच लागू होते.

याउलट एसटी स्थानकातील बाकासमोरची भिंत, रेल्वेचा फलाट, दाभोळ-धोपावे किंवा जयगड-तवसाळ फेरीबोटीची वाट पाहण्याची जागा, मालवणच्या धक्क्यावरील रांग, खानावळीतील टेबल या ठिकाणी माणूस थांबलेला असतो आणि त्याचा हात आपोआप फोनकडे जात असतो. अमेरिकेत २०२२ साली सुपर बोल या अमेरिकन फुटबॉलच्या अंतिम सामन्याच्या वेळी कॉइनबेस या आभासी चलनाच्या कंपनीने दूरदर्शन संचावर जवळजवळ एक मिनिट केवळ हलणारा क्यूआर कोड दाखवला, तेव्हा त्याला इतक्या लोकांनी स्कॅन केले की तिचे ॲप काही काळ कोलमडले. ते प्रेक्षक घरी, सोफ्यावर, फोन हाताशी घेऊन बसलेले होते, हे ते उदाहरण देणारे विसरतात.

खानावळीच्या टेबलावरील कोडची आणखी एक जमेची बाजू आहे. वाढप होईपर्यंतचा वेळ रिकामा असतो आणि शेजारी बसलेला कोणीतरी, बहुधा घरातील मुलगी किंवा भाचा, फोन वापरण्यात तरबेज असतो. वयस्क माणसे स्वतः स्कॅन करत नाहीत, पण कोणाकडून तरी करवून घेतात. म्हणूनच जिथे कुटुंबे एकत्र बसतात तिथे कोड ठेवावा.

एक चूक मात्र रोज पाहतो. व्हॉट्सॲपच्या स्टेटसवर किंवा गटांत पाठवायच्या चित्रात कोड छापलेला असतो. ज्या फोनवर ते चित्र दिसत आहे, त्याच फोनच्या कॅमेऱ्याने ते स्कॅन कसे करणार? छायाचित्रातून कोड वाचण्याच्या युक्त्या फोनमध्ये असतात, पण त्या फार थोड्यांना ठाऊक असतात. फोनवर फिरणाऱ्या जाहिरातीत कोडऐवजी बोटाने दाबता येणारा दुवा द्यावा.

कोड तयार करताना

कोडमध्ये जितकी अक्षरे अधिक, तितके त्यातील चौकोन अधिक आणि बारीक. सुमारे ४० अक्षरांचा दुवा मध्यम दुरुस्तीक्षमतेसह (म्हणजे कोडचा थोडा भाग खराब झाला तरी तो वाचता यावा अशा सोयीसह) २९ गुणिले २९ चौकोनांत बसतो. २०० अक्षरांच्या दुव्याला ५७ गुणिले ५७ चौकोन लागतात. अडीच सेंटिमीटर रुंदीच्या कोडमध्ये पहिल्या प्रकारातला प्रत्येक चौकोन ०.८६ मिलिमीटरचा असतो, दुसऱ्यातला ०.४४ मिलिमीटरचा. वर्तमानपत्राच्या कागदावर शाई पसरते, आणि अर्ध्या मिलिमीटरपेक्षा लहान चौकोन तेथे एकमेकांत मिसळू लागतात. म्हणून दुवा छोटा ठेवावा.

मराठी भाषकांनी येथे विशेष जपावे. व्हॉट्सॲपवर आधीच लिहिलेला संदेश उघडणारा कोड फार सोयीचा असतो, परंतु तो संदेश देवनागरीत असला तर दुव्यामध्ये प्रत्येक अक्षरचिन्हासाठी नऊ रोमन चिन्हे लागतात, आणि काना, मात्रा, वेलांटीसुद्धा वेगळी मोजली जाते. "दोन पेट्या आंबे हवेत" एवढ्या वाक्याने दुवा दोनशेच्या आसपास चिन्हांचा होतो आणि कोड मुंग्यांच्या वारुळासारखा दिसू लागतो. अशा वेळी संदेश एका शब्दाचा ठेवावा किंवा मधे एक लहान दुवा वापरावा.

कोडभोवती चारही बाजूंना चार चौकोनांएवढी कोरी जागा सोडावी. चौकटीच्या हौसेपायी ती खाल्ली गेली की कॅमेरा गोंधळतो. गडद कोड आणि फिकी पार्श्वभूमी हा क्रम उलटू नये, कारण काही फोन उलटा कोड वाचत नाहीत. कोडमध्ये दुरुस्तीच्या चार पातळ्या असतात आणि त्यांत अनुक्रमे सुमारे ७, १५, २५ आणि ३० टक्के भाग खराब झाला तरी मजकूर वाचता येतो. किनाऱ्यावर खारा वारा, ऊन आणि पाऊस यांत राहणाऱ्या फलकासाठी २५ टक्क्यांची पातळी घ्यावी. मधोमध बोधचिन्ह ठेवायचे असेल तर ३० टक्क्यांची घ्यावी, पण मग चौकोन वाढतात, हे लक्षात ठेवून आकारही वाढवावा. चकचकीत लॅमिनेशनवर दुपारचे ऊन पडले की कोड दिसेनासा होतो. निस्तेज म्हणजे मॅट लॅमिनेशन मागावे. कोकम सरबताच्या बाटलीवर कोड लहान आणि सपाट भागावर घ्यावा, नाहीतर त्याच्या कडा गोलाईत वळून जातात.

छापण्यापूर्वी एक प्रत काढून ती प्रत्यक्ष जागी न्यावी. ज्या उंचीवर फलक लागणार आहे त्या उंचीवर धरावी, एका जुन्या स्वस्त फोनने आणि एका नव्या फोनने, भर उन्हात आणि संध्याकाळी दिवा लागल्यावर स्कॅन करून पाहावी. संगणकाच्या पडद्यावर कोड चालतो, एवढ्या आधारावर हजार पत्रके छापू नयेत.

दुवा कोणाच्या ताब्यात आहे

कोड दोन प्रकारचे असतात. स्थिर कोडमध्ये अंतिम पत्ता थेट कोरलेला असतो. तो कधी कालबाह्य होत नाही, पण बदलताही येत नाही. बदलता कोड एका मधल्या सेवेचा दुवा उघडतो आणि ती सेवा पुढे पाठवते. त्यामुळे पुढचे पान बदलता येते आणि स्कॅनची मोजदादही होते. मात्र ती सेवा बंद पडली किंवा मोफत मुदत संपली की छापलेला प्रत्येक कोड निकामी होतो. आमच्याच एका ग्राहकाच्या पेट्या ऐन हंगामात अशा झाल्या. मोफत म्हणून घेतलेल्या सेवेने तिसऱ्या आठवड्यात पैसे मागणारे पान दाखवायला सुरुवात केली. मुंबईच्या ग्राहकाने पेटी उघडून तो कोड स्कॅन केला, तेव्हा त्याला आंब्याऐवजी परदेशी कंपनीचे दरपत्रक दिसले. बागायतदाराला झालेला मनस्ताप मी पाहिला आहे.

मोठ्या कंपन्यांनाही हा फटका बसतो. २०१५ साली जर्मनीत हाइन्झ कंपनीच्या केचपच्या बाटलीवरील कोड स्कॅन केल्यावर अश्लील संकेतस्थळ उघडले, कारण संपलेल्या स्पर्धेसाठी घेतलेले संकेतस्थळाचे नाव कंपनीने नूतनीकृत केले नव्हते आणि ते दुसऱ्या कोणीतरी घेतले होते. बाटली मात्र अजून घरात होती. छापील वस्तू आपल्या अंदाजापेक्षा खूप अधिक काळ टिकते. म्हणून स्वतःच्या नावाचे संकेतस्थळ घ्यावे, त्याचे वार्षिक शुल्क भरण्याची तारीख घरातील दिनदर्शिकेवर लिहून ठेवावी, आणि कोडमध्ये त्याच नावाचा छोटा दुवा द्यावा. पुढे कुठे पाठवायचे ते मग आपल्या हातात राहते.

संपर्क क्षीण असलेल्या ठिकाणी दुवाच टाळावा. कोडमध्ये दूरध्वनी क्रमांक किंवा संपर्कपत्र थेट साठवता येते; ते उघडायला इंटरनेट लागत नाही. खाडीकाठच्या आणि घाटाखालच्या वाड्यांत हा साधा कोडच खात्रीचा ठरतो. दुवा द्यायचाच असेल, तर उघडणारे पान हलके असावे: वर दर, खाली दाबता येणारा क्रमांक, दोन-तीन लहान छायाचित्रे, सर्व मराठीत. चलचित्र आपोआप सुरू होणारे पान कोकणातल्या नेटवर्कवर उघडेपर्यंत माणूस निघून जातो.

उपयोग झाला का, हे कसे मोजावे

प्रत्येक जागेसाठी वेगळा दुवा करावा: फेरीबोटीच्या धक्क्यासाठी एक, पेटीसाठी एक, वर्तमानपत्रातील पत्रकासाठी एक. अन्यथा कोणता पैसा फळाला आला ते कळणार नाही. केवळ स्कॅनची संख्या पाहून समाधान मानू नये, कारण कुतूहलाने स्कॅन करणारे पुष्कळ असतात. त्यासोबत एक वही ठेवावी आणि चौकशीचा प्रत्येक फोन आला की विचारावे: "आमची माहिती कुठून मिळाली?" हे उत्तर संगणकाच्या आकड्यापेक्षा अधिक खरे असते. पत्रकांच्या अर्ध्या गठ्ठ्यावर कोड आणि अर्ध्यावर तेवढ्याच जागेत मोठा क्रमांक छापून, सारख्याच गावांत वाटून पाहिले, तर एका हंगामात आपल्या व्यवसायापुरते उत्तर हाती येते. हा प्रयोग मी प्रत्येकाला सुचवतो, कारण देवगडच्या बागेचे उत्तर तारकर्लीच्या जलक्रीडेला लागू होईलच असे नाही.

कोड लावून विसरून जाऊ नये, याला सुरक्षेचेही कारण आहे. सार्वजनिक जागेतील कोडवर दुसरा कोड चिकटवून पैसे लुबाडण्याचे प्रकार घडतात. आठवड्यातून एकदा स्वतःच्या फलकावर बोट फिरवून पाहावे आणि कोड स्कॅन करून तो आपल्याच पानावर जातो याची खात्री करावी. ग्राहकांनाही सांगावे की पैसे मिळवण्यासाठी कोड स्कॅन करावा लागत नाही आणि पिनही टाकावा लागत नाही. आगाऊ रक्कम परत करतो असे सांगून कोणी कोड पाठवला, तर तो उघडू नये. फसवणूक झालीच तर विलंब न करता १९३० या क्रमांकावर कळवावे.

पावसाळा तोंडावर आला की आणखी एक काम करावे. मालवणहून सिंधुदुर्ग किल्ल्यावर जाणाऱ्या होड्या आणि जलक्रीडा त्या काळात बंद असतात, आंब्याचा हंगामही संपलेला असतो, परंतु भिंतीवरचे फलक आणि घरोघरी गेलेल्या पेट्या तशाच असतात. कोडमागचे पान काढून टाकू नये. त्याजागी "हंगाम पुन्हा अमुक महिन्यात सुरू होईल, तोवर या क्रमांकावर नाव नोंदवा" एवढा मजकूर ठेवावा, आणि जे फलक फाटले किंवा फिकटले असतील ते पहिल्या पावसाआधी उतरवून घ्यावेत.